न विचारता केलेल्या कामाची फी

माझ्या पुढ्यात एक बिल आहे. वर्षभराचा हिशेब आणि रिटर्न यांची फी 18,000 रुपये ठरली होती. मार्चअखेर हातात पडलेलं बिल 31,500 रुपयांचं आहे. वरचे 13,500 रुपये तीन ओळींत मांडलेत: वार्षिक रिटर्न व जुळवणी 4,000, नोटिशीला उत्तर 5,000, लेट फी व किरकोळ 4,500. छोटा धंदा चालवणाऱ्यांना असं बिल नवं नाही. बहुतेक जण दोन दिवस चरफडतात, मग फोन करून हजार-दोन हजार कमी करून घेतात आणि विषय मिटवतात. मला ही घासाघीस दोन्ही बाजूंनी चुकीची वाटते. घासाघीस करताना आपण नकळत मान्य करतो की काम आपणच सांगितलं होतं, फक्त भाव जास्त लागला. मुळात हे काम करायचं का, हे आपल्याला कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की ज्या कामाचे वेगळे पैसे लागणार, ते हातात घेण्याआधी सांगणं ही हिशेब पाहणाऱ्याची जबाबदारी आहे. त्यानं ते सांगितलं नसेल, तर आपण बिल सगळंच्या सगळं फेटाळू नये आणि मुकाट्यानं भरूही नये. प्रत्येक ओळीचा वेगळा जाब मागावा.

ही जबाबदारी त्याचीच का, याचं कारण या कामाच्या स्वरूपातच आहे. गॅरेजवाला झिजलेले ब्रेक लायनर काढून आपल्या हातावर ठेवतो. न कळणाऱ्यालाही काय बदललं ते दिसतं. हिशेबाचं काम पोर्टलच्या आत चालतं. जीएसटीआर-1 महिन्याच्या 11 तारखेपर्यंत आणि 3बी 20 तारखेपर्यंत भरायचा असतो. कुठलं रिटर्न कुणाला लागू आहे, कुठल्यातून कुणाला सूट आहे, हे त्याला पाठ असतं. दुकानदाराला त्यातलं फक्त 'ओटीपी आला का?' एवढंच ऐकू येतं. ज्याला सगळं दिसतं त्यानं आधी बोलायचं, हा साधा न्याय आहे.

पहिली ओळ घ्या. वर्षाची उलाढाल 2 कोटींपर्यंत असेल तर जीएसटीआर-9 हे वार्षिक रिटर्न भरण्यातून सूट आहे. माझी उलाढाल त्याच्या निम्मीही नाही. तरीही ते भरलं गेलं आणि त्याचे 4,000 रुपये लागले. ते भरून ठेवलेलं बरं, वर्षाचे आकडे जुळलेले राहतात, असं त्यावर सांगितलं जाईल, आणि ते खोटं नाही. पण जे कायद्यानं सक्तीचं नाही ते करायचं की नाही, हा निर्णय पैसे देणाऱ्याचा असतो. 'सूट आहे, पण भरलं तर फायदा आहे, चार हजार लागतील' हे वाक्य बोलायला अर्धं मिनिट पुरतं. कदाचित मी होही म्हटलं असतं.

दुसऱ्या ओळीबद्दल माझी तक्रार नाही. 3बीमध्ये घेतलेलं खरेदीवरच्या कराचं क्रेडिट आणि पुरवठादारांच्या रिटर्नवरून बनणाऱ्या 2बीमध्ये दिसणारं क्रेडिट यांत फरक आला, एएसएमटी-10 ची नोटीस निघाली, तिचं उत्तर मुदतीत देणं भाग होतं. 1 जानेवारी 2022 पासून पुरवठादाराचं बिल 2बीमध्ये दिसल्याशिवाय त्याचं क्रेडिट मिळत नाही. त्यामुळे एकेका पुरवठादाराचं एकेक बिल शोधत बसावं लागतं. ते काम मी पाहिलं नसलं तरी उत्तराची प्रत माझ्याकडे आहे, आणि त्यात कष्ट दिसतात. नोटीस येणार हे वर्षाच्या सुरुवातीला कुणालाच सांगता येत नाही. ती आल्याच्या दिवशी मात्र फी सांगता येते. एवढी पुढच्या वेळची अपेक्षा धरून हे 5,000 मी देणं लागतो.

तिसरी ओळ सगळ्यात वाईट, कारण तिच्यात दोन वेगळे पैसे एकत्र कालवलेत. लेट फी सरकारची असते, किरकोळ फी हिशेबनिसाची. जीएसटीची लेट फी क्रेडिटमधून वळती करता येत नाही, ती रोखीनंच भरावी लागते. त्यामुळे तिचा रुपया न् रुपया पोर्टलवरच्या कॅश लेजरमध्ये उमटतो. 3बीला उशीर झाला की केंद्राचे 25 आणि राज्याचे 25 असे दिवसाला 50 रुपये लागतात. माझ्या लेजरमध्ये दोनच नोंदी आहेत, 22 दिवसांचे 1,100 आणि 15 दिवसांचे 750. बेरीज 1,850. मग उरलेले 2,650 कशाचे? 'किरकोळ' हा शब्द कुठल्याही कामाचं नाव नाही. आता 22 दिवसांचा उशीर माझा आहे; त्या महिन्याची बिलं मीच 24 तारखेला पाठवली, व्हॉट्सॲपवर तारीख आहे. दुसऱ्या महिन्याची बिलं 6 तारखेलाच पोचली होती, तीही तारीख तिथंच आहे. ते 750 रुपये मी का सोसावे?

यावर वजनदार आक्षेप कायद्यातूनच येतो. 1872 च्या करार कायद्याचं कलम 70 सांगतं की एखाद्यानं फुकट करायचं नाही अशा भावनेनं दुसऱ्यासाठी काही वैधपणे केलं आणि दुसऱ्यानं त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. म्हणजे आधी ठरलं नव्हतं एवढ्यावरून पैसे बुडवता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण याच कलमावर पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल या 1961 च्या निकालात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी एक गोष्ट स्पष्ट केली आहे: ज्याच्यासाठी काम केलं त्याला ते नाकारण्याची मोकळीक असायला हवी, त्यानं ते स्वीकारलं, उपभोगलं, तरच देणं उभं राहतं. नोटिशीचं उत्तर मी वापरलं, म्हणून ते कलम मला लागू होतं. भरून झालेलं जीएसटीआर-9 मात्र परत करता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. तिथं मला नाकारण्याची संधी मिळाली कुठं?

दुसरा आक्षेप दुकानदारांवरचा आहे आणि तो मला पटतो. बिलं कॅरीबॅगेत कोंबून 18 तारखेला आणून टाकायची, निम्म्यांवर जीएसटी नंबर नाही, आणि वर काम वेळेत हवं. या गोंधळाचा जादा वेळ लागतो, त्याचे जादा पैसे घ्यावेत. फक्त तसं सांगून घ्यावेत: 10 तारखेनंतर बिलं आली तर इतके जास्त. असा एक कागद दोघांच्या सहीचा असला तर भांडणाला जागाच राहत नाही. इतक्या वर्षांच्या संबंधात कागद कशाला, असंही म्हटलं जातं. विश्वासाच्या माणसालाच आकडा आधी सांगणं सोपं जातं, हा माझा त्यावरचा उलटा अनुभव आहे.

तरी लोक बोलत नाहीत, आणि त्याचं कारण संकोच नसून भीती असते. पोर्टलवर मोबाइल नंबर हिशेबनिसाचा, ईमेल त्याचा, पासवर्ड त्याच्याकडे. वाद वाढला आणि 20 तारखेचं रिटर्न अडलं तर काय, हा विचार तोंड बंद ठेवतो. करार कायद्याच्या कलम 171 नं एकूण येणी वसूल होईपर्यंत माल अडवून ठेवण्याचा हक्क ज्यांना दिला आहे, त्या यादीत बँकर, फॅक्टर, धक्केवाले, उच्च न्यायालयातले ॲटर्नी आणि विमा पॉलिसीचे दलाल येतात. हिशेबनीस येत नाही. वकिलांनीसुद्धा फीसाठी पक्षकाराची फाइल अडवू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली आर. डी. सक्सेना खटल्यात सांगितलं. ज्या वह्यांवर हिशेबनिसानं स्वतः मेहनत घेतली त्यांच्यापुरता कलम 170 चा आधार त्याला घेता येईल. पण माझ्या धंद्याच्या नोंदणीचा पासवर्ड ही त्यानं घडवलेली वस्तू नाही.

म्हणून वाद लेखी झालेला बरा, आणि जे कबूल आहे ते त्याच दिवशी चुकतं करून. ठरलेले 18,000, नोटिशीचे 5,000 आणि माझ्या उशिराचे 1,100 मिळून 24,100 रुपये मी बँकेतून पाठवले आहेत. राहिलेल्या 7,400 साठी एका पानाचं पत्र आहे: जीएसटीआर-9 ला माझी संमती कधी घेतली, 2,650 कुठल्या कामाचे, आणि 6 तारखेला बिलं मिळूनही 15 दिवस उशीर का झाला. पत्राबरोबर लेजरची छापील प्रत जोडली आहे. पोर्टलवरचा मोबाइल नंबर आणि ईमेल बदलून माझा करायचा अर्जही मी त्याच दिवशी भरला.