डोळ्यांभोवतीची वर्तुळे

कोल्हापूरच्या माणसाचे पाण्याशी जुने सख्य आहे. पंचगंगेचा घाट, रंकाळा आणि गावोगावच्या विहिरी ह्याच येथील पोहण्याच्या शाळा. पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून मुलांना पाण्यात सोडले जाई. ह्याच कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लाय शर्यतीत कांस्यपदक मिळवले.

विहिरीकडून आपण बांधीव जलतरण तलावाकडे आलो, तेव्हा पाण्याबरोबर क्लोरीनही आले. रोगजंतू मारण्यासाठी ते हवेच. पण घाम व मूत्र यांच्याशी त्याचा संयोग होऊन जी द्रव्ये बनतात, ती डोळ्यांना झोंबतात. म्हणून गॉगल आला. डोळे वाचले, काहींच्या डोळ्यांभोवतीची त्वचा मात्र कुरकुरू लागली.

काही वर्षांपूर्वी पन्हाळ्यावर आमच्या धर्मग्रामातील मुलामुलींचे शिबिर होते. तीन दरवाजा, अंधारबाव पाहून मंडळी सज्जाकोठीवर आली. रोज पहाटे तलावावर सराव करणारी एक मुलगी मात्र ओढणी कपाळावर ओढून एकटीच बसलेली. तिच्या डोळ्यांभोवती लालसर, खाजरी वर्तुळे होती आणि कडेची कातडी पांढुरकी झाली होती. मदतीला आलेली तिची आई हलक्या आवाजात म्हणाली, "फादर, हे कोड तर न्हवं? पोरीचं पुढं कसं व्हायचं?" कुजबूज तिच्याही कानी गेली होती.

आम्ही काही वैद्य नव्हे. परंतु ती वर्तुळे गॉगलच्या काठाच्या मापाचीच होती. ते आम्ही त्या माउलीला दाखवले आणि मुलीला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेण्यास सांगितले. त्यांनी पाठीवर निरनिराळ्या रसायनांच्या पट्ट्या लावल्या, ४८ तासांनी काढल्या आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासले. गॉगलच्या काठाचे निओप्रीन रबर पक्के करताना वापरलेले रसायन तिला सोसत नव्हते. सिलिकॉनच्या काठाचा गॉगल आला, लाली व खाज गेली. पांढुरकेपणा ओसरायला मात्र कित्येक महिने लागले.

पालकांनी दोन प्रकार ओळखावेत. घट्ट पट्ट्याने उमटलेला वळ काही तासांत मावळतो. त्यासाठी पट्टा सैल करावा. चांगला बसणारा गॉगल पट्ट्यावाचूनही क्षणभर डोळ्यांवर चिकटून राहतो. दुसरा प्रकार ॲलर्जीचा. ती बहुधा एकदोन दिवसांनी उमटते, खाजते आणि पापण्यांपर्यंत पसरते. तिथे पट्टा सैल करून भागत नाही. तो गॉगलच सोडावा लागतो. दोन्ही प्रकारांत पोहून झाल्यावर चेहरा व गॉगल स्वच्छ पाण्याने धुवावा आणि गॉगल ओला पिशवीत कोंबू नये. दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे मलम मनाने लावू नये. पापणीची कातडी अतिशय पातळ असते आणि अशा मलमाच्या दीर्घ वापराने डोळ्यातील दाबही वाढू शकतो.

गॉगलमुळे डोळ्यांभोवतीचा रंग उडाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत १९८० च्या दशकापासून आहेत. काहींचा रंग परततो, काहींचा परतत नाही. म्हणून खाज सुटताच गॉगल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवणे बरे.

आणखी एक सांगावेसे वाटते. ते कोड नव्हते, म्हणून त्या घराने सुटकेचा श्वास टाकला. पण असते तरी काय? कोड स्पर्शाने पसरत नाही, पाण्यातून पसरत नाही. ते असलेल्या मुलीनेही निःसंकोच तलावात उतरावे आणि काठावरच्या आपण तिच्या पोहण्याकडे पाहावे. आपल्या घरांत विवाहाच्या गोष्टी निघतात, तेव्हा हे ध्यानात राहिले तर पुष्कळ ओढण्या कपाळावरून खाली येतील.