आपोआप

मराठीत 'फोडणे' आणि 'फुटणे' अशी दोन क्रियापदं आहेत. पहिलं दुसऱ्यासाठी, दुसरं स्वतःसाठी. आमच्या हिच्या हातून कपबशी 'फुटते'. तीच मी 'फोडतो'. मावशींच्या हातून बरणी 'निसटते'. तीच चिरंजीव 'पाडतात'. घरातला कर्तरी प्रयोग पुरुषवर्गाच्या वाट्याला आलेला आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार केली तर तीही मी 'केली' असंच होणार.

बँकेत मात्र 'आपोआप' या शब्दाला बंदी आहे. वीस वर्षं मी काउंटरच्या आत बसतोय. संध्याकाळी कॅश जुळली नाही आणि कुणी म्हणालं, 'साहेब, पाचशे रुपये आपोआप कमी झाले,' तर साहेब ते ऐकून घेतात आणि पाचशे रुपयेही घेतात. त्यामुळे जगात जे काही घडतं ते कुणीतरी केलेलं असतं, आणि ज्यानं केलं तो आत्ता याच खोलीत आहे, असं मानायची मला सवय लागली आहे. बी. कॉम.ला तरी दुसरं काय शिकवलं? प्रत्येक नावेला एक जमा असते.

तर जूनच्या एक तारखेचा रविवार. सीझनचा शेवटचा आमरस पोटात, पंखा पाचवर, आणि मी त्या अवस्थेत, जिला आमची ही 'घोरणं' म्हणते आणि मी 'पडणं' म्हणतो. एकाएकी हॉलमध्ये फाडकन आवाज झाला. कुकर म्हणावं तर शिट्टी नाही, सिलिंडर म्हणावं तर आम्ही शिल्लक आहोत. धावत बाहेर आलो. बाल्कनीच्या सरकत्या दाराची काच, चांगली सात फूट उंच, वरपासून खालपर्यंत तडकून पांढरीफटक पडली होती. हजारो बारीक तुकडे, पण सगळे जागच्या जागी. उन्हानं सोफ्याचा रंग उडतो म्हणून हिनं मागच्या वर्षी काचेला काळी फिल्म चिकटवून घेतली होती, तिनंच ते धरून ठेवले होते. आत बारीक चरचर आवाज चालूच होता. गार दूध ओतल्यावर कॉर्नफ्लेक्स बोलतात तसा.

आणि काचेपासून चार हातांवर चिरंजीव. वय वर्षं बारा. हातात टेनिस बॉल.

"मी काही नाही केलं, बाबा. आपोआप फुटली."

आपोआप! मला हसू आलं. अशा वेळी येतं तसलं हसू. मी त्याला सोफ्यावर बसवलं, समोर खुर्ची घेतली आणि चौकशी सुरू केली. बॉल कुठे होता? हातात. आधी? हातातच. त्याच्या आधी? भिंतीवर. कुठली भिंत? ती. म्हणजे काचेकडे पाठ करून? हो. मग फुटताना पाहिलीस का? नाही. पाहिली नाहीस, तर आपोआप फुटली हे कशावरून?

हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर मी स्वतःवर इतका खूश झालो, की वकील न झाल्याचं वाईट वाटलं. चिरंजीव रडवेले झाले. मग मी आवाज मऊ केला आणि जगातल्या सगळ्या बापांनी वापरून गुळगुळीत केलेलं वाक्य टाकलं, "हे बघ, खरं सांगितलंस ना, तर मी काही करणार नाही."

तरी अर्धा तास गेला. अर्ध्या तासानं तो खाली बघून म्हणाला, "हो. मीच मारला बॉल."

मला कृतकृत्य वाटलं. खरं बोलण्याबद्दल त्याची पाठ थोपटली आणि त्या महिन्याचे त्याचे दोनशे रुपये कापून घेतले.

"अहो, तुम्ही काही करणार नाही म्हणालात ना?" ही म्हणाली.

"हे काही करणं नव्हे, ही वसुली आहे," मी म्हणालो. एकूण वसुली काच आणि मजुरी धरून चार हजार दोनशेची होती. म्हणजे चिरंजीव एकवीस महिन्यांत मोकळे झाले असते.

दुसऱ्या दिवशी काचवाला आला. त्यानं काचेवर आडव्यातिडव्या पट्ट्या मारल्या, सोफा पुढे ओढून ठेवला, माप घेतलं आणि म्हणाला, "आठ-दहा दिवस लागतील साहेब. टफन काच कापता येत नाय. आधी मापात कापायची, मग भट्टीत घालायची. नंतर कापायला गेलं की अशी होते."

"टफन म्हणजे मजबूत ना?"

"एकदम मजबूत."

"मग फुटली कशी?"

"फुटते कधीकधी," तो म्हणाला आणि ॲडव्हान्स घेऊन गेला.

शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे काका सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला आले. काकांचा जन्म काचेच्या कारखान्यात गेला. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी हॉलच्या खिडक्या बघतात. ते टाकीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. सरळ सोफ्यावर गुडघा टेकवून काचेला नाक लावलं आणि बोटानं पट्ट्यांच्या मधून काहीतरी शोधू लागले. मग म्हणाले, "भिंग आहे का रे?"

सह्या पडताळायचं माझं जुनं भिंग घरी होतं. सगळं काम संगणकावर गेल्यापासून त्यातून फक्त औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचतो. ते दिलं. काका दोन मिनिटं गप्प होते.

"हे बघ. सगळ्या चिरा कुठून निघाल्यात? इथून. आणि मधोमध हे दोन मोठे तुकडे, पाठीला पाठ लावून बसलेले. फुलपाखरासारखे दिसतात की नाही? आता त्या दोन पंखांच्या मधल्या शिवणीवर भिंग धर."

धरलं. शिवणीच्या मधोमध एक ठिपका होता. सुईच्या टोकाहून लहान.

"हा तुझा चोर. निकेल सल्फाइड. प्रयोगशाळेत नेलास तर नक्की सांगतील, पण मी पैज लावतो. आणि ही जागा जमिनीपासून सहा फुटांवर आहे. बॉल लागला असता तर बाहेरच्या अंगावर ओरखडा दिसला असता. इथे काही नाही, जे आहे ते काचेच्या पोटात आहे. तशी टेनिस बॉलनं ही काच फुटतच नाही. वाटल्यास नवीन बसली की मी स्वतः बोलिंग टाकून दाखवतो."

माझ्या पायांखालची फरशी थोडी सरकली. काकांना ते कळलं नाही, ते रंगात आले होते.

साधी काच करताना सावकाश थंड करतात. टफन करायची असली, की ती पुन्हा सहाशे अंशांच्या वर तापवायची आणि दोन्ही अंगांनी गार हवेचे झोत सोडायचे. वरचा थर चटकन थंड होऊन घट्ट होतो. पोट मागाहून थंड होतं, त्याला आकसायचं असतं, पण वरचा थर ते पुरतं आकसू देत नाही. झालं, त्या काचेला जन्मभर वरून दाब आणि आतून ताण. (हे ऐकताना मला वाटलं काका आमच्या कॅशियरचं वर्णन करताहेत.) पण या दाबामुळेच ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते, कारण चीर पडायला आधी तो दाब मोडावा लागतो. एकदा मात्र चीर पोटापर्यंत पोचली, की डांबून ठेवलेला सगळा ताण एकदम सुटतो आणि सबंध काचेचा चुरा. तोही बोथट, म्हणून माणूस वाचतो.

"मग तो ठिपका?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण जरा लांबून आला.

काच वितळवताना कुठून तरी निकेलचा कण येतो, स्टीलच्या यंत्राचा म्हण, तारेचा म्हण. भट्टीतल्या गंधकाशी त्याची गाठ पडते. या जोडीची दोन रूपं असतात. ३७९ अंशांच्या वर एक, खाली दुसरं, आणि खालचं रूप दोन-चार टक्के जास्त जागा खातं. साधी काच हळू थंड होते, त्यामुळे कणाला रूप बदलायला सवड मिळते आणि कुणाला पत्ता लागत नाही. टफन काच एवढ्या घाईनं थंड करतात, की कण गरमीच्या रूपातच अडकतो. मग तो घरी आल्यावर सावकाश बदलतो. महिना, वर्ष, दहा वर्षं. इवला इवला फुगत जातो, आणि नेमका ताण असलेल्या जागी असला, की एखाद्या रविवारी दुपारी...

मला हे लगेच पटलं. एकतीस मार्चला रात्री घाईनं पुस्तकं मिटवताना एक फरक सस्पेन्स खात्यात ढकलावा आणि सात वर्षांनी ऑडिटरनं तिथेच बोट ठेवावं, यात मला नवीन काही नव्हतं.

काका मग मेलबर्नला गेले. तिथे १९५८ साली आयसीआय हाउस नावाची उंच इमारत झाली, बाहेरून सगळी काच, आणि ती काच कुणी हात न लावता फुटायला लागली. १९६१ साली बॅलंटाइन नावाच्या संशोधकानं हाच ठिपका पकडला. तिथून काका बॉस्टनला गेले. जॉन हॅनकॉक टॉवर, १९७३ साल, काचा धडाधड खाली. भोकांना प्लायवुड ठोकून ठोकून लोक त्याला प्लायवुडचा महाल म्हणू लागले, आणि शेवटी १०,३४४ काचा बदलाव्या लागल्या. पण तिथे आपला ठिपका निर्दोष होता, दोन काचांच्या मधला शिशाचा सांधा फार ताठ निघाला. साध्या काचेचंही काकांनी सांगितलं. उन्हानं मधला भाग तापतो, चौकटीत दडलेली कड गार राहते, दोन्हीत चाळीसेक अंशांचा फरक पडला की कडेपासून चीर निघते. म्हणून साध्या काचेला काळी फिल्म लावताना विचार करावा. मग बसवताना कडेला उडालेला टवका, चौकटीतला टोचणारा स्क्रू... बिनहाताच्या गुन्हेगारांची यादी वाढत चालली आणि मी हातवाल्या एका गुन्हेगाराकडे बघत होतो. तो आतल्या दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत उभा होता.

जाताना काका म्हणाले, "नवी काच घेताना विचार, हीट सोक केली आहे का. टफन केल्यावर पुन्हा २९० अंशांच्या आसपास काही तास तापवून ठेवतात. ज्या फुटायच्या त्या बहुतेक कारखान्यातच फुटतात. अगदी सगळ्या नव्हे हं!" टाकीचं राहूनच गेलं.

जेवणं झाली. कुणी काही बोललं नाही. आमची ही तर इतकं बोलली नाही, की शेजारच्यांना ऐकू गेलं असेल.

बापानं मुलाची माफी कशी मागायची याचा फॉर्म आमच्याकडे छापलेला नाही. माझ्या वडिलांनी माझी कधी मागितली नाही. चाळीत त्यांनी माझ्यावर जेवढ्या काचा टाकल्या, त्यातल्या निम्म्या खरोखर मी फोडलेल्या होत्या. तेव्हा मी मला येतं ते केलं. दोनशे रुपये मोजले, तीन टक्क्यांनी सहा दिवसांचं व्याज काढलं, ते दहा पैसे आलं, ते पूर्ण रुपयात करून त्यावर एक नाणं ठेवलं (ग्राहकाच्या बाजूनं असं पूर्णांक करण्याची माझी ही पहिलीच वेळ) आणि त्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"चूक झाली रे माझी," मी म्हणालो. "तू खरं बोलत होतास."

त्यानं पैसे मोजले. रक्ताचा गुण. मग म्हणाला, "पण बाबा, नंतर मी म्हणालो ना, मीच फोडली म्हणून. ते तर खोटं होतं. त्याला तुम्ही शाबास म्हणालात."

"मग म्हणालास कशाला?"

"तुम्ही थांबतच नव्हता."

मी जरा वेळ तिथेच उभा राहिलो. मग दिवा घालवू का विचारलं. तो म्हणाला, अभ्यास करायचाय. जूनची सात तारीख, शाळा अजून सुरू व्हायची होती. मी बाहेर आलो.

नवी काच बसून आता महिना होतोय. हीट सोक केलेली आहे, पावती कपाटात आहे, काकांनी ठरल्याप्रमाणे सहा चेंडू टाकले आणि खांदा दुखावून घेतला. चिरंजीवांनी हॉलमध्ये खेळणं बंद केलेलं नाही, फक्त एक पद्धत पाडली आहे. हॉलमध्ये एकटं राहायची वेळ आली, की तो मला हाक मारतो.

"बाबा, जरा इथे येऊन बसा."

"का रे?"

"साक्षीदार."

मी पेपर घेऊन जाऊन बसतो. परवा असाच बसलो होतो. थोड्या वेळानं तो पाणी प्यायला आत गेला आणि स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला, "आई, बघून ठेव हं, हॉलमध्ये आत्ता फक्त बाबा आहेत!"

मी खुर्ची काचेपासून चार हात मागे ओढून घेतली आणि दोन्ही हात दिसतील असे पेपरावर ठेवले.