मतलई वाऱ्याची रात्र

खारे वारे आणि मतलई वारे हा भूगोलाचा धडा आम्ही वर्गात किती वेळा शिकवला असेल, त्याची मोजदाद नाही. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, तो खारा. रात्री जमीन समुद्राहून लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. मुले हे पाठ करतात. पण रायगडच्या किनाऱ्यावर राहूनही या मुलांनी मतलईवर चाललेली होडी पाहिलेली नसते. राजपुरीहून जंजिऱ्याला पर्यटक नेणाऱ्या होड्यांवर अजून शिडे दिसतात, पण तो प्रवास काही मिनिटांचा. बाकी सारा दर्या आता इंजिनाचा.

आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा आता ७८ वर्षांचे आहेत. तरुणपणी गलबतावर आणि पुढे मोठ्या जहाजांवर त्यांनी खलाशी म्हणून उमर काढली. मोतीबिंदूने नजर अधू झाली, तसा त्यांनी एकच हट्ट धरला : एकदा शिडावर रेवसपर्यंत जायचे. घरच्यांनी आढेवेढे घेतले. शेवटी लाइफ जॅकेट अंगावरून काढायचे नाही आणि इंजिन तयार ठेवायचे, या दोन अटींवर परवानगी मिळाली. होडी एका कोळी मित्राची. त्याचे वडील आणि चाचा एकेकाळी एकाच गलबतावर होते. आम्ही तिघे शिक्षक, चाचा आणि नाखवा असे पाच जण जानेवारीतल्या एका संध्याकाळी राजपुरीहून निघालो.

ऋतू विचारूनच निवडला होता. पावसाळ्यात हा समुद्र कोणाचाच नसतो. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला येणारी ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती आठवण अजून या किनाऱ्यावरच्या घरांतून निघते.

जंजिऱ्याचा तट मागे पडला, मुरूडसमोरचा पद्मदुर्ग अंधारात गेला. उत्तरेकडे वळल्यावर वारा पडला. शीड लोंबू लागले. आमच्यापैकी एकाने इंजिनाकडे पाहिले, तसे चाचा म्हणाले, “खारा मेला. मतलई उठेपर्यंत गप बसा. भाकऱ्या सोडा.” तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी निघाली. मग पाळ्या लावल्या : दोघांनी जागायचे, बाकीच्यांनी पडायचे. चाचा मात्र कोणाच्याच पाळीला झोपले नाहीत.

मध्यरात्र उलटून गेल्यावर त्यांनी मान उजवीकडे वळवली. “आला. मोहोराचा वास येतोय.” आम्हाला काहीच कळले नाही. थोड्या वेळाने लाकडाच्या धुराचा आणि आंब्याच्या मोहोराचा वास आला, गालाला गारवा लागला आणि शीड फुगले. ज्यांना समोरच्या माणसाचा चेहरा नीट दिसत नाही, त्यांनी वारा आमच्याआधी ओळखला होता.

त्या रात्री आम्ही वही काढली. अरबीत मतला म्हणजे उगवण्याची जागा. गझलेचा पहिला शेर तो मतला, हे उर्दूच्या तासाला आम्ही सांगतोच. जुने अरब दर्यावर्दी ताऱ्यांवरून दिशा धरीत आणि उगवतीच्या बाजूला मतला म्हणत. पंधराव्या शतकातल्या इब्न माजिदच्या विद्येत हा शब्द पावलोपावली येतो. आपल्या किनाऱ्यावर रात्री जमिनीवरून, म्हणजे उगवतीकडून येणारा वारा मतलई. आम्हाला तरी त्या नावात तोच मतला ऐकू येतो.

मग शब्द निघतच गेले. नाखवा हा फारसी नाखुदा, नावेचा धनी. सुकाणू म्हणजे अरबी सुक्कान. मोसम म्हणजे मौसिम, जंजिरा म्हणजे जझीरा, बेट. जहाज आणि तुफान अरबी, बंदर आणि दर्या फारसी; डोलकाठी आणि वल्हे इथलेच. ध्रुवाकडे बोट दाखवून नाखवा ‘ध्रुव’ म्हणाला, चाचा ‘कुतुब’ म्हणाले. तारा एकच होता. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या, की क्षितिजापासून जवळजवळ त्याच्यापर्यंत पोहोचतात. कारण आपले अक्षांश साधारण साडेअठरा आणि एक मूठ सुमारे दहा अंशांची.

कोर्लईचा दिवा मागे गेला, पुढे खांदेरीचा दिसू लागला. तिथला दीपस्तंभ १८६७ पासून खलाशांना वाट दाखवतो आहे. फज्रची वेळ झाली. होडी उत्तरेला चाललेली, म्हणून किब्ला डाव्या हाताला, उघड्या समुद्राकडे. नाखवा म्हणाला, “चाचा, सरळ धरतो. तुम्ही निवांत पढा.” चाचांनी बसूनच नमाज अदा केली. नाखव्याने तेवढा वेळ सुकाणू तसूभर हलू दिले नाही. उजवीकडे डोंगरामागे उजाडत होते.

रेवसला उतरल्यावर चाचांनी नाखव्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या बापाची आठवण काढली. परतीचा प्रवास आम्ही एसटीने केला.

पालक आम्हाला नेहमी सांगतात, उर्दू आपली, मराठी नोकरीपुरती. काही जण याच्या उलट सांगतात. ज्या माणसांनी या दोन भाषा एका होडीत बसवल्या, त्यांना असा हिशेब सुचला नसता. रात्री वारा फिरला, तर सोबत्याला चटकन कळेल असाच शब्द तोंडून निघायला हवा, एवढेच त्यांना ठाऊक होते. हे शब्द पुस्तकात थोडे आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी जास्त आहेत.

ज्यांच्या घरी असे चाचा, नाना किंवा दादा आहेत, त्यांनी या सुट्टीत मुलांना वही-पेन्सिल देऊन त्यांच्याजवळ बसवावे. त्यांची नजर अधू झाली असेल, पाय थकले असतील. वाऱ्याचे नाव मात्र ते अजून सांगू शकतात.