मिलिटरी अपशिंगे

सातारा जिल्ह्यात गेलात तर अपशिंग्याला जरूर जा. ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच हे गाव ओळखतात. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) इथले ४६ जवान कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. पुढच्या लढायांनाही इथली पोरं गेलीच.

खटल्याचं घर, जमीन तुटपुंजी, खाणारी तोंडं फार. मग एक भाऊ पलटणीत जाई, दुसरा नांगर धरी. तिकडून मनिऑर्डर येई, इकडं पेरणी उरके. कधी मनिऑर्डरीऐवजी तार येई. मग त्याच्या वाट्याचं रान भावानं कसायचं, त्याची लेकरं थोरल्या जावेनं आपल्या पोरांत वाढवायची.

स्तंभापुढं हात जोडाल, तेव्हा मागं राहिलेल्या या हातांचीही आठवण ठेवा.