जुलैतला नाताळ आणि उरलेली तीन टेबलं

२०२३ च्या जुलैतली गोष्ट. आषाढी नुकतीच होऊन गेली होती, पुण्यात पावसाची रिपरिप चालू होती आणि मी शनिवारी सकाळी घरी बसून बर्फ पाडत होतो. म्हणजे एका वेबपेजवर. आई चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "काय रे, आषाढात नाताळ?"

आता तिला काय सांगणार! आमचा तेव्हाचा क्लायंट लंडनचा. त्याचा धंदा एकच, डिसेंबरात कंपन्यांना ख्रिसमस पार्ट्या विकणे. मोठ्या कंपन्या अख्खा हॉल घेतात. दहा-बारा माणसांच्या कंपनीला ते कुठून परवडणार? त्यांच्यासाठी 'शेअर्ड पार्टी' असते. मोठा हॉल किंवा मांडव, चाळीसएक गोल टेबलं, एकेका टेबलावर एकेक कंपनी. जेवण, डीजे, कागदी टोप्या सगळ्यांना सामाईक. आपल्याकडे एका मांडवात सामुदायिक मुंजी लागतात ना, तसंच काहीसं. फक्त इथे बटू वाइन पितात.

आणि हे सगळं विकायला सुरुवात होते भर उन्हाळ्यात, कारण चांगले गुरुवार-शुक्रवार डिसेंबरात मोजून तीन-चार. नाताळच्या आधीच्या शेवटच्या शुक्रवारी तर तिकडे इतकी पिऊन धमाल चालते की त्या दिवसाला 'मॅड फ्रायडे' असं नावच पडलंय. मंगळवार मात्र कुणालाच नको असतो. विकायचं खरं कसब मंगळवार विकण्यात!

क्लायंटला 'काहीतरी हटके' हवं होतं. गुगलच्या जाहिराती महाग पडत होत्या. "ख्रिसमस पार्टी लंडन" या शब्दांवर शेकडो जण बोली लावून बसलेले. त्यामुळे प्रत्येक मीटिंगमध्ये एकच उदाहरण निघायचं, 'एल्फ युवरसेल्फ'. २००६ साली अमेरिकेतल्या ऑफिसमॅक्स या स्टेशनरी विकणाऱ्या कंपनीने ती साइट काढली. आपला फोटो चढवायचा, की आपलं डोकं नाचणाऱ्या एल्फच्या धडावर बसतं. मी तेव्हा चौथीत होतो, पण साहेबाचं डोकं चिकटवून ऑफिसभर पाठवण्यात लोकांना काय मजा आली असेल ते कळतं. आता गंमत बघा, त्यात स्टेपलर कुठेच नाही. लोकांना एल्फ आठवतो. स्टेपलर कुणाचे घ्यायचे ते आठवतं का, हा प्रश्न मीटिंगमध्ये मी विचारला नाही. नवीन होतो.

तर आमचं हटके असं ठरलं की प्रत्येक तारखेखाली लाल अक्षरात लिहायचं, "फक्त ३ टेबलं शिल्लक!"

"हा आकडा डेटाबेसमधून घ्यायचा ना?" मी लीडला विचारलं.

"कशाला? दोन ते पाचमधला कुठलाही दाखव. रँडम."

दहा मिनिटांचं काम. केलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा काहीच वाटलं नाही. उलट वर बर्फ पडतोय आणि खाली लाल आकडा, दिसायला छानच दिसत होतं.

सप्टेंबरात सपोर्टच्या इनबॉक्समधून एक मेल माझ्याकडे आलं. अकरा माणसांच्या एका फर्ममधली ऑफिस सांभाळणारी बाई. तिने १४ डिसेंबरच्या गुरुवारचं टेबल घेतलं होतं. साहेब रजेवर, आणि टेबलं तीनच उरलेली, म्हणून अनामत रक्कम तिने स्वतःच्या कार्डावरून भरली होती. नंतर सहज दुसऱ्या मशिनवर उघडून बघितलं तर पाच. मग परत दोन. ती अजिबात चिडलेली नव्हती. तिने काळजीने विचारलं होतं, लोक बुकिंग रद्द करतायत का? जागेबद्दल काही वाईट ऐकायला आलंय का? तसं असेल तर साहेब यायच्या आत मला कळवाल का?

मी डेटाबेस उघडला. त्या गुरुवारची बावीस टेबलं रिकामी होती.

मला एकदम मामा आठवला. मामेबहिणीच्या लग्नासाठी कार्यालय बघायला आम्ही गेलो होतो, तर तिथला मॅनेजर रजिस्टर अर्धवट उघडून म्हणाला, "या तारखेला अजून दोघांनी विचारलंय, एक पार्टी संध्याकाळी येणारे." मामाने तिथल्या तिथे चेक फाडला. घरी येताना रिक्षात म्हणाला, "ती संध्याकाळची पार्टी कधीच येत नाही रे, माहितीये मला. पण आली तर?" तेव्हा मी त्या मॅनेजरला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या होत्या...

असो. क्लायंटच्या माणसाने बाईंना उत्तर पाठवलं, "तांत्रिक बिघाड होता, क्षमस्व." आणि माझ्या नावावर तिकीट पडलं, काउंटरमधला बग दुरुस्त करणे. बग! सांगितलं होतं तसंच चालू असलेल्या कोडला बग म्हणताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

बरं, हे नुसतं वाईट दिसतं एवढंच नाही. ब्रिटनमध्ये २००८ पासून ग्राहकांसाठी एक आणि कंपन्यांसाठी वेगळा असे फसव्या जाहिरातींविरुद्धचे नियम होते. आपल्याकडे त्याच वर्षी, म्हणजे ३० नोव्हेंबर २०२३ ला, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा 'डार्क पॅटर्न'ची यादी काढली. त्यात पहिलाच नंबर खोट्या घाईचा. मी ती यादी वाचली तेव्हा कुणीतरी माझं कोड रिव्ह्यू करतंय असं वाटलं.

तिकीट आलंच होतं, म्हणून मी आकडा खऱ्या डेटाबेसला जोडला. लीड म्हणाला, "अरे, बावीस शिल्लक असं दिसलं तर कोण घेईल?" मुद्दा बरोबर होता. शेवटी तडजोड झाली. पाच किंवा कमी उरली तरच आकडा दाखवायचा, नाहीतर काहीच नाही. मंगळवारांखाली अर्थातच काहीच नाही.

पण मला त्या बाईचं दुसरं मेल जास्त कामाला आलं. तिने जेवणाच्या निवडीची एक्सेल शीट पाठवली होती. अकरा नावं, तीन कोर्स, कुणाला टर्की, कुणाला मासा, अर्ध्या रकान्यांत "अजून सांगितलं नाही". तेव्हा लक्षात आलं की आपला गिऱ्हाईक साहेब नाहीच. ज्याच्या गळ्यात हे काम पडलंय तो आपला गिऱ्हाईक. ऑफिसची ट्रिप ठरवणाऱ्याचे हाल ज्याने बघितलेत त्याला वेगळं सांगायला नको.

मग मी दोन रटाळ गोष्टी बनवल्या. एक, सहकाऱ्यांना पाठवायची लिंक. ज्याने त्याने आपलं जेवण निवडायचं, विसरभोळ्यांना आपोआप आठवण जाते. दुसरी, छोटा कॅल्क्युलेटर. तिथल्या करखात्याचा नियम असा की दरवर्षी होणारी, सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी खुली असलेली पार्टी व्हॅट धरून माणशी १५० पौंडांच्या आत असेल तर तिच्यावर कर नाही. २००३ पासून आकडा तोच आहे. पण १५१ झाले तर वरच्या एका पौंडावर नाही, पूर्ण १५१ वर कर! टॅक्सी धरली, शेवटची वाइन धरली की हा एक पौंड कधी ओलांडला जातो ते कळतही नाही. हा हिशोब साहेबापुढे छापून ठेवता येतो म्हणून तो कॅल्क्युलेटर लोक वापरायला लागले.

विक्री वाढली का? प्रामाणिकपणे सांगायचं तर सांगता येत नाही. ऑक्टोबरात ती तशीही वाढतेच, आणि वेगळी चाचणी घ्यावी इतके लोक साइटवर येत नव्हते. क्लायंट म्हणाला, बर्फामुळे वाढली.

त्या बाईंच्या अकरा जणांची निवड नोव्हेंबरात पूर्ण झाली. सात टर्की, दोन मासा, दोन शाकाहारी. त्यातल्या एकाने 'इतर' च्या चौकटीत लिहिलं होतं, कांदा-लसूण नको. तिथल्या स्वयंपाकघराचा फोन आला की याचा अर्थ काय. पुढच्या सोमवारी मी फॉर्ममध्ये त्याची वेगळी चौकट टाकली.