साहेबाचे कट्टे

रत्नागिरीहून आदल्या दिवशीच एस.टी.नं विजयदुर्गला आलो होतो. पहाटे मी आणि माझी सातवीतली भाची चिमी किल्ल्याच्या तटावर जाऊन बसलो. चिमी समुद्राकडे तोंड करून सूर्याची वाट बघत होती! मी तिला पाठीमागे वळवलं. खाडीपलीकडच्या डोंगराआडून सूर्य वर येत होता. कोकणात सूर्य मावळतो समुद्रात, पण उगवतो मात्र डोंगरातून, बरं का!

22 जुलै 2009 ला तर तो इथं ग्रहण लागलेलाच उगवला होता. सुरतेला त्या दिवशी खग्रास होतं. पण भर पावसाळा! ढगांनी सगळ्यांचा हिरमोड केला.

चिमीला मात्र वेगळंच ग्रहण हवं होतं. किल्ल्यातले 'साहेबाचे कट्टे' बघायला ती आली होती. तिथं एक आजोबा भेटले. म्हणाले, "हंयच सायबान दुर्बीण लायलेली. हंयच हेलियम गावलो!"

"1868 साली ना? माझ्या प्रकल्पात मी तेच लिहिलंय," चिमी खुशीत म्हणाली.

आता आली का पंचाईत! खरी गोष्ट अशी आहे, दोस्तांनो. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण कोकण, विजापूर, गुंटूर असं पार मछलीपट्टणमपर्यंत गेलं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होते. नॉर्मन लॉकयर साहेब मात्र इंग्लंडमध्येच होते. त्यांनी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक पिवळी रेघ पाहिली. ती कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याची नव्हती. म्हणून ग्रीक सूर्यदेव 'हेलिऑस'वरून नाव पडलं हेलियम. पुढं 1895 साली रॅम्से यांना तो वायू पृथ्वीवरही सापडला.

"म्हणजे साहेब इथं आलाच नाही?" चिमीचा चेहरा पडला.

"आला की! पण 22 जानेवारी 1898 ला. तेव्हा विजयदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यात होता, आता सिंधुदुर्गात आहे. आरमारी जहाजावरचे खलाशी मदतीला होते. कितीतरी दिवसांची तयारी आणि भर दुपारी अंधार झाला तो जेमतेम दोन मिनिटं!"

आजोबा हसले. "म्हणजे साल चुकला. सायब आपलोच!"

चिमीनं तिथंच कट्ट्यावर बसून वहीतली एक ओळ खोडली आणि तिच्या जागी चार ओळी लिहिल्या.

2 ऑगस्ट 2027 ला आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास ग्रहण आहे. ढगांनी कृपा केली तर जरूर बघा, पण ग्रहणाच्या खास चष्म्यातूनच. काजळी धरलेली काच किंवा एक्स-रेची फिल्म मुळीच नको! चष्मा नसेल तर झाडाखाली जा. पानांतून जमिनीवर पडणारे कवडसे नीट बघा. एरवी गोल असणारे ते कवडसे त्या दिवशी चतकोर तोडलेल्या भाकरीसारखे दिसतील.