पाट, फड आणि पप्पांची सही

आमच्या सोसायटीत पाण्यावरून दर महिन्याला भांडण होतं. दोन विंग, १२० फ्लॅट, एक बोअर आणि रोजचे टँकर. मागच्या मीटिंगनंतर तर ए विंगच्या एका काकांनी मोटारीच्या स्विचला चक्क कुलूप लावलं! मी अर्थातच मीटिंगला नव्हते. डेडलाईन होती, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे घरात बसून सिरीज बघत होते.

त्याच आठवड्यात पप्पांनी माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. धुळे जिल्ह्यात, पिंपळनेरजवळच्या आमच्या गावी थोडी सामाईक जमीन आहे. नाना, म्हणजे पप्पांचे चुलतभाऊ, ती कसतात. सातबाऱ्यावर दोघांची नावं. नानांना फडातल्या तुकड्यात बोअर घ्यायचा होता आणि कर्जासाठी पप्पांचं संमतिपत्र हवं होतं. पप्पांनी सही करून ठेवली होती, पण पाठवायला मन धजत नव्हतं.

"तू जाऊन बघ. पटलं तर दे, नाहीतर परत आण," एवढंच म्हणाले.

मला फड माहीत होता तो तमाशाचा, फार तर उसाचा. बोअरशी त्याचं काय वाकडं? बॅग भरली आणि निघाले.

एका दिवसात तीन नद्या

रात्रीच्या बसने नाशिक आणि सकाळी सटाण्याची एसटी. हा रस्ता मस्त आहे. सटाण्याला आरम नदी भेटते, ताहराबादला मोसम आणि पुढे सेलबारीचा डोंगर ओलांडून उतरलं की पांझरा. आरम आणि मोसम गिरणेतून तापीला जातात, पांझरा थेट तापीला मिळते. जानेवारीची थंडी, लांबवर मांगीतुंगीचे दोन सुळके आणि खिडकीबाहेर कांद्याचे वाफे नि डाळिंबाच्या बागा. बाजूच्या मावशींनी विचारलं, "कथाईन उनी बेटा?" पुण्याहून आले म्हटल्यावर त्यांनी लगेच ऊन पडलेली त्यांची खिडकी मला दिली. अहिराणी कानावर पडली की आपण खानदेशात आलो हे गुगल मॅपने सांगायची गरज राहत नाही.

या तीन नद्यांच्या काठी तीन-चारशे वर्षांपासून सिंचनाची एक पद्धत चालत आली आहे, फड पद्धत. १८८०च्या खानदेश गॅझेटिअरमध्येही इथल्या जुन्या बंधाऱ्यांची नोंद सापडते. म्हणजे आपल्या ऑफिसातलं 'टीमवर्क'चं ट्रेनिंग इथे इंग्रजांच्याही आधी उरकलं होतं.

पाण्याचं साधं गणित

दुपारी नानांनी मला बंधाऱ्यावर नेलं. मोठं धरण डोळ्यांसमोर आणू नका. नदीत आडवी घातलेली दगडी भिंत, इतकंच. पाणी अडतं, पातळी उचलली जाते आणि बाजूच्या पाटात शिरतं. जास्तीचं पाणी भिंतीवरून पुढे, खालच्या गावाच्या बंधाऱ्याकडे. पाटातून चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून शेतातले छोटे सारंग. ना मोटार, ना वीज. सगळं काम जमिनीच्या उताराचं.

पाटावर पाटकरी बाबा भेटले. सत्तरीचे असतील. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, खांद्यावर फावडं. कुणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं, हे ते ठरवतात. "शेतमालकानं दाऱ्याला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "मालकानं लावला की भांडण. मी लावला तर काम!" त्यांच्यासोबत पिकाची राखण करणारा जागल्या आणि सगळ्यांवर देखरेख ठेवणारा हवालदार असायचा. मेहनताना सुगीला धान्याच्या रूपात. बाबांना आता बरेच जण पैसे देतात, पण काही घरांतून अजून गहू येतो.

खरी गंमत पुढेच आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडायचे. एकेक भाग म्हणजे एक फड, दहा हेक्टरपासून दोनशे हेक्टरपर्यंतचा. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. या फडात ऊस, त्या फडात गहू, तिसऱ्यात भुसार. पुढच्या वर्षी अदलाबदल, म्हणजे एकाच जमिनीवर कायम ऊस राहत नाही आणि तिचा कस टिकतो. पीक एकच असल्याने सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागतं. शेजारच्या उसाचं पाणी झिरपून आपली बाजरी सडली, ही भानगडच नाही.

आणि जुन्या रचनेत प्रत्येक शेतकऱ्याचा जमिनीचा तुकडा प्रत्येक फडात असायचा.

हे वाक्य मी बाबांना दोनदा विचारून घेतलं. पाऊस कमी झाला, की गाव बसून ठरवायचं, यंदा चारपैकी दोनच फड भिजवायचे. उरलेले दोन कोरडे. पण कोरड्या फडात सगळ्यांचीच जमीन आणि भिजलेल्या फडातही सगळ्यांचीच! त्यामुळे एकाची चैन आणि दुसऱ्याची बोंब असं व्हायचंच नाही. मला आमच्या ए विंगचं कुलूप आठवलं. आमच्याकडे दोन्ही विंगमध्ये फ्लॅट असलेला एकही माणूस नाही.

सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे देणारा कायदा राज्याने २००५ साली केला. इथे कायदा लिहिलेलाच नव्हता, तरी पाळला जात होता.

मग बिघडलं कुठे?

रात्री नानांकडे कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत. (डाएटला दोन दिवस सुट्टी.) जेवण झाल्यावर मी पाकिटाचा विषय काढला. मनातून मी फडाच्या बाजूने झाले होते आणि एक छोटं भाषणही तयार होतं.

नानांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेटा, पाटाचं पाणी पाळीनं येतं. डाळिंबाला रोज थोडं लागतं. गव्हावर पोराची इंजिनीअरिंगची फी निघत नाही. तुझे पप्पा पुण्याला गेले, त्यांची फी कुठून निघाली माहितेय? आजोबांनी एका फडातला तुकडा विकला तेव्हा."

मी गप्प. हे पप्पांनी कधीच सांगितलं नव्हतं.

म्हणजे साखळीची एक कडी आमच्याच घरानं काढली होती. तुकडे विकले गेले, वाटण्या झाल्या, प्रत्येक फडात प्रत्येकाची जमीन हे गणित विस्कटत गेलं. नदीवर वरच्या अंगाला धरणं झाली, आरमवर केळझर, मोसमवर हरणबारी, पांझरेवर लाटीपाडा. नदीचं वाहणं बदललं. वीज आली, विहिरींवर मोटारी बसल्या. कांदा आणि डाळिंब आलं. यात कुणी खलनायक नाही. प्रत्येकाकडे आपापलं योग्य कारण आहे.

सकाळी बाबा पुन्हा पाटावर भेटले. बोअरचं कळल्यावर ते चिडले नाहीत. म्हणाले, "बोअर घेऊ दे. पण बोअर घेतलेला माणूस पाट काढायला येत नाही. आधी माणूस कमी होतो, मग पाणी." दर वर्षी पावसाळ्यानंतर पाटातला गाळ काढायचा, फुटलेले काठ बांधायचे. पूर्वी घरटी माणूस यायचा. आता निम्मी घरंसुद्धा येत नाहीत.

निघताना मी पाकीट नानांना दिलं. पुण्यात शॉवरखाली उभं राहून त्यांना पाटाच्या पाण्यावर भागवा म्हणणं मला जमलं नाही. फक्त एक अट घातली, बोअर झाला तरी घरातला एक माणूस पाट काढायला गेलाच पाहिजे.

नाना हसले. "पोरगा होस्टेलला, मी साठीचा. सातबाऱ्यावर तुझ्या बापाचं पण नाव आहे. तू येशील?"

हो म्हणून बसलेय. दिवाळीनंतरचा पहिला रविवार. हातात कधी फावडं धरलेलं नाही, पण बाबा म्हणाले, शिकवतील. पप्पांना सांगितलं, तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "दोन तिकिटं मिळतील का?"

आणि हो, या महिन्याच्या सोसायटी मीटिंगला मी पहिल्या खुर्चीवर होते. कुलूप अजून निघालेलं नाही, पण किल्ली आता दोन्ही विंगकडे आहे.

जाताय?

नाशिकहून सटाणा-ताहराबादमार्गे पिंपळनेर गाठा. स्वतःची गाडी असेल तर उत्तम, एसटीनेही छान जमतं. बंधारे आणि पाट बघायला पावसाळा संपल्यापासून जानेवारीपर्यंतचा काळ चांगला. वाटेत मांगीतुंगी आहे. तिथे २०१६ साली उभी राहिलेली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती बघता येते. ट्रेकर असाल तर साल्हेर चुकवू नका. १५६७ मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेला. शेतात शिरण्याआधी विचारा आणि पाटात प्लास्टिकची बाटली टाकू नका. ती काढायला कुणीतरी उतरतं, यंदा कदाचित मीच!